दावणीवरचे प्रश्न : आडनाव हर्पीस

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार गाई-म्हशींच्या हर्पीस विषाणूंभोवती फिरत होती, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. सगळ्यांत छोटं पत्र आठवीतल्या मुलाचं आहे. त्यानेच मला सगळ्यांत जास्त वेळ पुस्तकं उघडायला लावली.

प्रश्न : देपालपूर रस्त्याला आमच्या नऊ संकरित गाई आणि दोन म्हशी आहेत. पौषात एका कालवडीने सातव्या महिन्यात गाभ टाकला. पंधरा दिवसांनी तीन महिन्यांचं एक वासरू दात खायला लागलं, गोल गोल फिरायचं, भिंतीला डोकं लावून उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी गेलं. सगळ्यांचं रक्त तपासलं तर सात गाई आणि एक म्हैस 'आयबीआर पॉझिटिव्ह' निघाल्या. पशुवैद्य म्हणाले, हा हर्पीस. तो शब्द ऐकल्यापासून सासूबाई घरच्या दुधाला हात लावत नाहीत. पुतण्या म्हणतो, कालवडीला आणि वासराला एकाच व्हायरसने धरलं. खरं का? आणि या सात गाई विकून मोकळं व्हावं का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना चहा करून द्या, आपल्याच गाईच्या दुधाचा. आयबीआर म्हणजे गाईंच्या नाका-श्वासनलिकेचा संसर्गजन्य रोग. त्याचा विषाणू माणसाला होत नाही. पस्तीस वर्षं मी अशा गाईंची नाकं पुसली आहेत, मला साधी पुळीसुद्धा उठली नाही. मात्र दूध नीट उकळूनच घ्या, आणि ते निराळ्या कारणासाठी. गाभ टाकलेल्या जनावराची ब्रुसेलोसिससाठी तपासणी व्हायला हवी. तो रोग कच्च्या दुधातून आणि जारेतून माणसाला खरोखर होतो. तुमच्या पत्रात त्या तपासणीचा उल्लेख नाही. म्हणजे सासूबाई भलत्या कारणाने का होईना, पण सावध आहेत. त्यांना हसू नका.

दुसरी गोष्ट मी संपादकांकरवी तुम्हाला फोनवर आधीच कळवली होती. इथे बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. दात खाणारं, अडखळणारं, लाळ गाळणारं वासरू दिसलं की पहिली शंका रेबीजची घ्यायची. आपल्याकडे घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालायची फार घाई असते. त्या वासराची लाळ ज्यांच्या ज्यांच्या हाताला लागली त्यांनी माणसांच्या डॉक्टरांकडे जायचं, त्याच दिवशी. हर्पीसचा विचार त्यानंतर.

आता हर्पीसकडे येऊ. इंदुरात नवा माणूस भेटला की आपण आडनाव विचारतो आणि तेवढ्यावर माणूस कळला असं धरून चालतो. आमच्या रामबागेत एकाच आडनावाची तीन घरं आहेत. एकात कीर्तन चालतं, दुसऱ्यात वकिली, आणि तिसऱ्यात सोमवार ते रविवार भांडण. 'हर्पीस' हे असंच आडनाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरपटणं. कांजिण्यांनंतर वर्षानुवर्षांनी उठणारी नागीण याच घराण्यातली. ग्रीकांना न विचारता आपल्या लोकांनीही तिला सरपटणाऱ्याचंच नाव दिलं, याची मला अजून गंमत वाटते.

गाईंच्या हर्पीसना नंबर दिलेले आहेत. आयबीआर करतो तो एक नंबर. नाक लाल होणं, डोळ्यांतून पाणी, खोकला, गाभ टाकणं, मायांगावर पुळ्या हे सगळं त्याच्या खात्यावर. वासराच्या मेंदूवर जातो तो बहुधा पाच नंबर. या दोघांना पुष्कळ वर्षं एकच मानत होते. पाच नंबरला तेव्हा 'एकचा तिसरा उपप्रकार', म्हणजे १.३, असं म्हणायचे. १९९२ साली त्याला वेगळा नंबर मिळाला, आणि तो मिळाला जनुकांच्या जोरावर.

विषाणूचं सारं शहाणपण डीएनएच्या एका लांबलचक धाग्यात असतं. चार अक्षरांत लिहिलेली पोथीच समजा. एक नंबरची पोथी सुमारे १,३५,३०० अक्षरांची, पाच नंबरची १,३८,००० च्या थोडी वर. दोघांतही सत्तरच्या आसपास जनुकं, जवळजवळ त्याच क्रमाने. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर सरासरीने शंभरातले ब्याऐंशी तुकडे जुळतात. ब्याऐंशी ऐकून वाटतं, मग भेद तो काय उरला? सगळी गोम उरलेल्या अठरांत आहे.

दोघंही नाकातूनच शिरतात. नाकाच्या आतल्या त्वचेत वाढतात, मग चेहऱ्याच्या नसेचा धागा धरून कवटीच्या तळाशी असलेल्या नसांच्या गाठीपर्यंत जातात. एक नंबर बहुतेक वेळा त्या गाठीतच बसतो. पाच नंबर तिथून पुढे सरकतो, मेंदूत. दोघांच्याही अंगावर 'जीई' नावाचं एक प्रथिन असतं, नसेतून पुढे जाण्याच्या कामाचं. पाच नंबरच्या जीईमध्ये ग्लायसिन या अमिनो आम्लाची दाटी असलेला एक तुकडा आहे, तो एक नंबरमध्ये नाही. संशोधकांनी तेवढाच तुकडा काढून टाकलेला पाच नंबर सशांना दिला, तेव्हा त्याचा मेंदूवरचा जोर ओसरला. एवढ्याशा तुकड्याने गाडी कुठल्या स्टेशनावर थांबायची ते ठरतं.

तर तुमच्या पुतण्याचं म्हणणं? कालवडीवर एक नंबरचा संशय घ्यायला जागा आहे. वासराला पाच नंबरने नेलं असणं शक्य आहे. पण लहान वासरात एक नंबरही कधी कधी मेंदूपर्यंत पोचतो, हेही खरं. आणि तुमचा रिपोर्ट इथे काहीच मदत करत नाही. रक्ताच्या त्या चाचणीत विषाणू शोधत नाहीत. विषाणूविरुद्ध गाईने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात, आणि ती दोन्ही भावांना सारखीच चिकटतात. रिपोर्टवर छापलेला 'एक' हा चाचणीच्या डब्यावरचा एक आहे. खात्री करायची तर वासराच्या मेंदूचा तुकडा आणि टाकलेल्या गर्भाचं यकृत, फुप्फुस, शिवाय जार बर्फावर ठेवून पाठवायला हवी होती. त्यातून पीसीआरने विषाणूचं जनुक वाढवून वाचता येतं. तुम्ही दोन्ही पुरलंत. चूक तुमची नाही, कोणी सांगितलंच नसणार. पुढच्या वेळी (न येवो) आधी पशुवैद्यांना फोन, मग खड्डा. मेंदू मात्र घरी कोणी काढायचा नाही, रेबीजचं वर लिहिलंच आहे.

विकण्याचं विचारलंत. एकदा शिरलेला हर्पीस जन्मभर राहतो. औषधाने जात नाही, लसीनेही जात नाही. नसांच्या गाठीत गप्प बसतो. मग गाय ट्रकमधून लांब नेली, व्याली, दुसऱ्या आजाराने खंगली की जागा होतो आणि नाकातून पुन्हा गळायला लागतो. अंगावर एक पुळी न दिसता. म्हणजे सात गाई बाजारात नेल्या तर तुम्ही त्यांना जागं करूनच दुसऱ्याच्या गोठ्यात सोडाल. विकायचीच झाली तर घेणाऱ्याला रिपोर्ट दाखवून विका. माझं मत विचाराल तर विकू नका.

इथे माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९४ च्या थंडीत सांवेरकडच्या एका डेअरीत एका कालवडीचा गुडघा सुजला होता. मी तिला चार दिवस डेक्सामिथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. सूज उतरली, मालक खूश, मला शेरभर मावा मिळाला. आठवड्याभरात त्या ओळीतल्या पाच गाईंची नाकं टोमॅटोसारखी लाल झाली, दोघींनी पुढे गाभ टाकला. मी उत्तरेच्या वाऱ्याला दोष दिला आणि मालकाने गुरं विकणाऱ्या दलालाला. पुढे नऊ वर्षांनी एका प्रशिक्षणात फळ्यावर लिहिलेलं पाहिलं : प्रयोगशाळेत झोपलेला आयबीआर उठवायचा असेल तर डेक्सामिथासोन, पाच दिवस. तेच औषध. बाकीचे उतरवून घेत होते, मी पेन खाली ठेवलं. माझ्यामुळेच झालं हे आज सिद्ध करता येणार नाही, त्या कालवडीचं रक्त आधी कोणी तपासलेलं नव्हतं. पण तेव्हापासून पॉझिटिव्ह गोठ्यात मी स्टेरॉइडला सहजी हात लावला नाही. तुमच्याकडे कोणी 'डेक्सा मारून देतो' म्हणालं, तर रिपोर्ट पुढे करा.

मग करायचं काय? दोन निगेटिव्ह गाई आणि दुसरी म्हैस गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधा. पाण्याची खेळी आणि सानीची टोपली वेगळी. धार काढणारा माणूस आधी निगेटिव्हकडे जाऊ दे. पॉझिटिव्ह गाईच्या वासराच्या रक्तात चिकातून आलेली प्रतिपिंडं सहा महिने, कधी त्याहून जास्त टिकतात, तेव्हा त्याची तपासणी वर्षाच्या आत करून घाबरून जाऊ नका. वर्षानंतर जी वासरं निगेटिव्ह निघतील ती तुमची पुढची दावण. गाई भरवायला गावातला वळू नको. वळूच्या रेतातूनही हा विषाणू अधूनमधून बाहेर पडतो. जिथे वळूंची आयबीआरसाठी तपासणी होते अशा केंद्राचीच रेतकांडी मागा. जर्मनीसारख्या देशाला हे घराणं गोठ्यांतून हुसकायला २०१७ साल उजाडलं, तेही पॉझिटिव्ह गाई काढून टाकत. आपल्याला ते परवडायचं नाही. आपण एकेका दावणीने जाऊ.

प्रश्न : मी महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकतो. १.१, १.२ए, १.२बी हे उपप्रकार पाठ होतात आणि विसरतात. यांच्यात नेमका किती फरक आहे? — एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, त्याच कॉलेजात मीही विसरत होते. आम्ही वर्गात तिघीच मुली होतो आणि तोंडी परीक्षेत सरांना आमची नावं पाठ असायची, त्यामुळे विसरणं महाग पडायचं.

जुन्या पोथ्यांत पाठभेद असतात ना, तसं समज. एक नंबर आणि पाच नंबर या दोन वेगळ्या पोथ्या, कथानक एक. १.१ आणि १.२ हे एक नंबरच्याच पोथीचे पाठभेद. शंभर अक्षरांत दोन-तीनच निराळी. नुसती वाचून तेव्हा कोणाला ती दिसली नसती. डीएनएला ठरावीक ठिकाणीच कापणारी विकरं हाती आली, कापलेले तुकडे जेलवर पळवले, आणि पट्ट्यांची नक्षी दोन तऱ्हांची निघाली. त्यातून ही नावं आली.

क्रम लक्षात राहायला इतिहास बरा. युरोपात गाई-वळूंच्या जननांगावर पुळ्या येणारा रोग एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात, गुरं दाटीने कोंडून पोसायला लागल्यावर, 'लाल नाक' आलं. १९५६ च्या सुमारास विषाणू हाती लागला आणि मग कळलं की युरोपातलं जुनं दुखणं आणि अमेरिकेतलं नवं दुखणं एकाच विषाणूचं आहे. आपल्याकडे १९७६ साली उत्तर प्रदेशातल्या संकरित वासरांच्या डोळ्यांतून तो पहिल्यांदा वेगळा केला गेला.

१.१ : नाक, श्वासनलिका, गर्भपात. १.२ए : नाकही, जननांगही, गर्भपातही. १.२बी : बहुतेक जननांग, सौम्य, गर्भपाताशी सहसा नाव जोडलं जात नाही. पण याचा पहाडा करू नकोस. विषाणू कुठल्या दाराने आत आला यावरही पुष्कळ अवलंबून असतं. नाकातून आला तर कवटीतल्या गाठीत दडतो, जननांगातून आला तर माकडहाडाजवळच्या गाठीत. आणि कृपा करून उत्तरपत्रिकेत १.३ लिहू नकोस. अजून काही जुन्या गाइडांत ते छापलेलं दिसतं.

मार्कर लसीचंही तू शेवटच्या ओळीत विचारलंयस. वर मी जीई म्हणाले ना, तेच जनुक काढून टाकलेल्या विषाणूपासून ती लस करतात. लस दिलेल्या गाईच्या रक्तात बाकी सगळी प्रतिपिंडं सापडतात, जीईविरुद्धची सापडत नाहीत. खरी लागण झालेल्या गाईत सापडतात. बस, एवढंच तिचं इंगित. साधी लस दिलीस तर पुढे लसवाली कोण आणि रोगी कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

प्रश्न : आमच्या मुऱ्हा म्हशीला आयबीआर निघाला. पण तिच्यात एकही लक्षण नाही. रिपोर्ट खोटा का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : रिपोर्ट खोटा नाही, पण तो कोणाबद्दल बोलतोय ते तपासायला हवं. म्हशींचा स्वतःचा एक हर्पीस आहे, बुबलाइन हर्पीस-१. तो १९७० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या म्हशींत पहिल्यांदा सापडला. जनुकांच्या दृष्टीने तो गाईच्या पाच नंबरच्या सर्वांत जवळचा, एक नंबरहून थोडा लांबचा. म्हशीत तो बहुतेक गुपचूप राहतो. गाईसाठी केलेली नेहमीची चाचणी याच्याही प्रतिपिंडांना 'हो' म्हणते. गाईचा एक नंबरही म्हशीला होतो, त्यामुळे दोन्ही शक्यता उघड्या राहतात. चांगली दूध देणारी म्हैस एका रिपोर्टवरून काढू नका. ती गाभण राहते, वेळेवर विते, नाक कोरडं-स्वच्छ आहे? मग वर ताईंना सांगितलं तेवढं वेगळं बांधणं पुरे.

प्रश्न : माझे आजोबा तुमचं सदर वाचतात. मागे तुम्ही गाईंचे हर्पीस एक, दोन, चार, पाच असे सांगितले होते. तीन नंबर कुठे गेला? आणि चार नंबर काय करतो? — इयत्ता आठवी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : शाब्बास. तेव्हा आलेल्या पत्रांत पशुवैद्यांची पत्रंही होती, पण हे कोणी विचारलं नाही.

तीन नंबर होता. आफ्रिकेत गाईंना एक भयंकर रोग व्हायचा. खूप ताप, डोळे आधी निळसर-पांढरे, मग आंधळे, आणि मृत्यू. त्या विषाणूला गाईंच्या यादीत तीन नंबर दिला होता. पुढे कळलं की त्याचं खरं घर विल्डबीस्ट नावाचं हरणासारखं मोठं जनावर आहे. त्याला काही होत नाही, गाय मात्र मरते. म्हणून त्याचं नाव त्याच्या खऱ्या घरावरून बदललं आणि तीनची खुर्ची रिकामी राहिली. शाळेत एखादा मुलगा दुसऱ्या तुकडीत गेला की हजेरीपटावर रेघ मारतात, तसं.

दोन नंबर तुला आठवतोय म्हणून सांगते : तो गाईच्या सडांवर वेदना देणाऱ्या जखमा करतो. कधी अंगभर गाठी उठवतो, आणि मग लोक लंपी समजून घाबरतात. लंपीचा विषाणू देवीच्या घराण्यातला, अगदीच परका. दोन नंबर मात्र माणसाच्या ओठावर पुळी आणणाऱ्या हर्पीसच्या जवळचा आहे.

चार नंबर मला सगळ्यांत आवडतो, रोगासाठी नव्हे. तो वर सांगितलेल्या भावांपेक्षा खूप दूरचा आहे. नसांत दडण्याऐवजी रक्तातल्या पांढऱ्या पेशींत राहतो. व्याल्यानंतर गर्भाशय सुजलेल्या गाईंत तो सापडतो, पण एकट्याने फारसा धिंगाणा घालत नाही. गंमत त्याच्या एका जनुकात आहे, बीओ-१७. हे जनुक विषाणूचं नाहीच. ते जनावराचं आहे. साखरेचे कण प्रथिनांना जोडणारं विकर तयार करणारं. शास्त्रज्ञांनी त्याची अक्षरं वेगवेगळ्या प्राण्यांच्या त्याच जनुकाशी ताडून पाहिली, तर ते गाईशी नाही, आफ्रिकी रानम्हशीच्या पूर्वजाशी सर्वांत जास्त जुळलं. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी या विषाणूच्या एका पूर्वजाने ते त्या पूर्वजाकडून उचललं आणि तेव्हापासून आपल्या पोथीत ठेवलंय. गाईकडे तो नंतर आला, उचललेलं सामान घेऊनच.

तुझ्या पत्रात शेवटी लिहिलंयस की आजोबा उन्हाळ्यात राजस्थानातून येणाऱ्या मेंढ्यांचे कळप खतासाठी शेतात बसवतात. त्या विल्डबीस्टच्या विषाणूचा एक चुलतभाऊ मेंढ्यांत राहतो. मेंढ्यांना काही करत नाही, पण क्वचित गाईला तसाच डोळे पांढरे करणारा रोग देतो. सहा ते नऊ महिन्यांची कोकरं तो जास्त सांडतात. आजोबांना सांग, कळप खुशाल बसवा, फक्त गाई तेवढे दिवस घराजवळच्या गोठ्यात ठेवा आणि मेंढ्यांच्या नांदीवर त्यांना पाणी पाजू नका.